उघडी हव्वा

"गळ्यापासून गुडघ्यापर्यंत पानं काढा!" चर्चचा कारभारी सेर पांदोल्फो खालून ओरडला. "कातडी म्हणून दिसता कामा नये. उद्या खुद्द बिशप येताहेत."

व्हेंतुरा परांचीवर उभा होता. कुंच्यावर गडद हिरवा रंग. समोर चर्चच्या भिंतीवर माणसापेक्षा थोराड अशी आदिमाता हव्वा. पूर्ण उघडी. एका हातात फळ, दुसरा हात सैल, पोट चांगलंच पुढे आलेलं. ती त्याच्या बापाने, नोफ्रीने रंगवली होती. आणि तिचा चेहरा व्हेंतुराच्या आईचा होता.

बापाच्या काळचा बिशप तिच्यासमोर तासन् तास बसायचा म्हणे. देवाने घडवलेलं अंग, त्यात लाजायचं काय, असं म्हणायचा. आता रोमचं वारं फिरलं होतं. जागोजागच्या चर्चमधून उघड्या संतांना आणि देवदूतांना कपडे चढत होते. दरीपलीकडच्या गावात तर गवंड्याने टाकी घेऊन एका देवदूताची मांडी तासून टाकली होती.

व्हेंतुरा एका जागी ठरत नव्हता. शिडीवरून खाली यायचा, रंग ढवळायचा, पुन्हा वर चढायचा. कुंचा भिंतीजवळ न्यायचा आणि मागे घ्यायचा. बापाचं काम झाकताना पोराचा जीव तुटतोय, असं गाव समजत होतं. तसं काहीच नव्हतं. या दिवसाची तो लहानपणापासून वाट बघत होता. मुलं त्याला 'हव्वेचा पोर' म्हणून चिडवायची. मोठा झाल्यावर दारूच्या गुत्त्यात कोणीतरी हटकून म्हणायचं, "तुझ्या आईला आज प्रार्थनेला बघून आलो रे. होती तशीच आहे हो!" त्यापायी त्याने नाकं फोडली होती, स्वतःचं फोडून घेतलं होतं. बापाला त्याने मरतानाही माफ केलं नव्हतं. आता एकदा तिथे पानं चढली की सुटलो. पण कुंचा उचलला की तो चेहरा त्याच्याकडे बघायचा आणि हात अडायचा.

शिडी करकरली. ब्रिजिदा वर येत होती. त्याची आई, पार थकलेली, काळा झगा एका हाताने सावरत.

"अगं आई, पडशील! उतर खाली."

"बडबडू नकोस. हात दे."

त्याने तिला ओढून वर घेतलं. धाप लागली होती तिला. तिने भिंतीकडे पाहिलं. आपल्या तरुण चेहऱ्याकडे नाही, त्या पोटाकडे.

"घरी जा तू," तो हळू आवाजात म्हणाला. "उद्यापासून तुला कोणी काही बोलणार नाही."

"हे पोट कोणाचं आहे रे?"

"आई, लाज वाटू दे जरा."

"विचारते ते सांग."

"तुझं. आणि आत मी. अख्खा गाव तेच सांगतो."

"गावाने तेच सांगावं म्हणून तर तोंड माझं लावलंय," ब्रिजिदा म्हणाली. "तोंड माझं. पोट तुझ्या आईचं."

व्हेंतुराला वाटलं, म्हातारी भ्रमली. पण ती शांतपणे बोलत राहिली.

"नेंचा नाव होतं तिचं. तुझ्या बापाकडे रंग घोटायला यायची. मागेपुढे कोणी नाही, तोंडाची टकळी अखंड चालू. मला मूल होत नव्हतं. तिला राहिलं, तुझ्या बापापासून. मी आधी तिच्या झिंज्या उपटल्या. मग तिला घरात लपवली, झग्याखाली उशी बांधली आणि बाजारात फिरले. झऱ्यावरच्या बाया हसल्या. त्यांना उशी कळते. तेव्हा मीच नोफ्रीला म्हटलं, अंग हिचं काढ, तोंड माझं लाव. भिंतीवर बघितल्यावर कोण कशाला शंका घेईल? नाहीच घेतली कोणी. मला नावं ठेवली, पण तुझ्या जन्मावर कोणी बोट नाही ठेवलं."

"आणि ती?"

"तुला एकदा छातीशी धरलंन आणि गेली. गुपचूप पुरली आम्ही. वर दगडसुद्धा नाही. आहे ती एवढीच."

व्हेंतुराने हातातल्या कुंच्याकडे पाहिलं. "मग काय करू? झाकू नको?"

"तू नाही झाकलंस तर उद्या गवंडी येईल टाकी घेऊन. झाक. पण रागाने झाकू नकोस रे बाबा. एवढं सांगायलाच चढले."

खालून पांदोल्फोने काठी आपटली. "काय गप्पा चालल्यात वर? पानं काढा, पानं!"

व्हेंतुराने भिंतीवर तळहात टेकवला. गिलावा गार होता. त्या गोल पोटावर त्याचा हात बराच वेळ तसाच राहिला. मग त्याने हिरव्या रंगाची वाटी दूर सारली आणि पांढऱ्यात थोडा निळा मिसळला.

"पानं नाहीत," तो म्हणाला. खाली ऐकू गेलं नाही, म्हणून पुन्हा मोठ्याने म्हणाला. "पानं नाहीत. कापड."

"एदेनच्या बागेत कापड कुठून आणलंत?" पांदोल्फो ओरडला.

ब्रिजिदाने वाटी धरली. व्हेंतुराने कुंचा बुडवला, आणि उन्हं भिंतीवरून उतरायच्या आत आपल्या आईच्या अंगावर नीट पांघरूण घातलं.