हात करणारी डॉटी

डॉटीने उजवा पुढचा पाय उचलला, हवेत सावकाश एक गोल फिरवला आणि परत खाली ठेवला. कुंपणाबाहेरच्या शाळेच्या पोरांनी एकच गिल्ला केला आणि सगळ्यांनी मिळून तिला उलट हात केला.

डॉटी ही पाणसरडी. अंगाने शेवाळी, मानेपासून शेपटीपर्यंत काटेरी तुरा. केल आणि कॉरली या भावाबहिणीच्या छोट्याशा प्राणीबागेत लोक यायचे ते तिच्यासाठीच. कांगारू काय, इथे कुणाच्याही परसात येतात. हात करणारा सरडा कुठे बघायला मिळतो? कॉरलीने हमरस्त्यावरच्या पाटीवर डॉटीचं चित्र रंगवून घेतलं होतं, आणि त्यात तिला चक्क हसवलं होतं. सरड्याला हसवणं कॉरलीनेच करावं.

केल बादली घेऊन आत उभा होता. त्याचं लक्ष पोरांकडे नव्हतं. डॉटीच्या शेपटीच्या मुळाशी हाडं वर आली होती, तिथे तो बघत होता. कितीतरी दिवस तिने धड खाल्लेलं नव्हतं. आज हिला इथून हलवतो, शेजारच्या तळ्यात ठेवतो, असं त्याने सकाळीच बहिणीला सांगितलं होतं. शाळेची बस येऊन जाऊ दे, मग तुला काय करायचं ते कर, असं ती म्हणाली होती. याआधी हेच तिने ईस्टरच्या सुट्टीबद्दल ऐकवलं होतं.

मुलांना घेऊन आलेल्या शाळेच्या बाईंनी केलला विनंती केली की डॉटी हात का करते ते मुलांना जरा सांगा. केलला भाषणांचा कंटाळा. पण आज तो लगेच तयार झाला.

"ती तुम्हाला हात करत नाहीये," तो म्हणाला. "जरा वर बघा. त्या उंच दगडावर कोण बसलंय?"

दगडावर मेयर बसला होता, तिथला सगळ्यात मोठा नर सरडा. रुंद जबडा, लालभडक छाती, आणि बसण्यात असा रुबाब की सगळं गाव आपल्याच बापाचं. त्याने मान जोरात वरखाली केली. खाली डॉटीचा हात वर गेला. मुलांनी ते पुन्हा एकदा होताना पाहिलं आणि त्यानंतर कुणी हसलं नाही.

"मी लहान आहे, मला मारू नको, असं म्हणतेय ती. दिवसभर तेच म्हणत असते."

मग ती दुसरीकडे का जात नाही, असं एका वेणीवाल्या मुलीने विचारलं. बाहेर ओढ्यावर असती तर गेली असती, केलने सांगितलं. हात केला असता, फांदीवरून पाण्यात उडी टाकली असती आणि पार पलीकडच्या काठाला जाऊन निवांत उन्हात बसली असती. इथे चारी बाजूंनी कुंपण आहे.

एवढं बोलून त्याने बादली खाली ठेवली आणि डॉटीला मानेमागून अलगद धरलं. तिने त्याच्या अंगठ्याला कडकडून चावा घेतला. केलला बरं वाटलं. अंगात जोर होता अजून.

तो बाहेर आला तर तळ्याच्या फाटकात कॉरली आडवी. हातात सॉसेज परतायचा चिमटा तसाच होता.

"आत्ता नको, केल. पोरं बघतायत."

"बघू देत की."

"मॅव्हिस गिळेल हिला. बदकाची पिल्लं मटकावते ती. पोरांना तेच दाखवायचंय का तुला?"

मॅव्हिस म्हणजे तळ्यातली वाम, केलच्या दंडाएवढी जाड. कॉरलीची भीती काही खोटी नव्हती. पण केल लहानपणापासून ओढ्यावर हेच बघत आला होता: ओंडक्यावर मोठे पाणसरडे, त्याच ओंडक्याखाली वामा, आणि कुणाचं कुणाशी काही नाही. वाम तोंडात मावेल त्याच्याच मागे लागते.

"डॉटी तिच्या तोंडात मावत नाही," तो म्हणाला. "तुझ्या मावेल."

कॉरली हसली नाही, हललीही नाही. मग केलने डॉटीला तिच्यापुढे धरलं.

"हात लावून बघ. इथे, शेपटीपाशी."

कॉरलीने एप्रनला बोटं पुसली आणि लावून बघितलं. बोट एका हाडावरून दुसऱ्या हाडावर गेलं. तिचा चेहरा उतरला. ती फाटकातून बाजूला झाली.

केलने डॉटीला ओंडक्यावर ठेवलं. ती तिथे क्षणभरही थांबली नाही, सरळ पाण्यात घुसली. तळातून मॅव्हिस वर आली. संथपणे जवळ जाऊन तिने डॉटीच्या शेपटीला नाक लावलं. कॉरलीने भावाची बाही घट्ट धरली. केल मात्र खिशात हात घालून उभा होता. मॅव्हिसने हुंगून घेतलं, अंग वळवलं आणि ती परत ओंडक्याखाली गेली.

डॉटी वर चढली. आजूबाजूच्या दगडांकडे तिने मान वळवून नीट बघितलं. मग पोट गरम लाकडाला टेकवून, मागचे दोन्ही पाय लांब सोडून ती पसरली आणि तिने डोळे मिटले.

सवयीने मुलांचे हात वर गेले. डॉटी जागची हलली नाही.

बाई जरा हिरमुसल्या. एवढ्या लांबून आलो, आज ती हात करणारच नाही का, असं त्यांनी विचारलं. केल उत्तर द्यायला वळला, पण त्याच्या आधी कॉरलीच बोलली.

"आज नाही आणि उद्याही नाही. इथून पुढे ती कधी हात करताना दिसली, तर मला येऊन सांगा."