रविवारचा प्रश्न

"मग, राहू का?" डेटलेफने विचारलं.

अंगात कोट, खांद्याला पिशवी, एक हात दाराच्या मुठीवर. रविवारची कॉफी झाली होती, खसखशीच्या केकचा शेवटचा तुकडा त्याने नको नको म्हणत संपवला होता आणि त्याच्या गावची, गेराची, गाडी सुटायला थोडाच वेळ होता.

"आज नको," कारोला म्हणाली.

"बरं," म्हणून तो जिना उतरला.

खालच्या मजल्यावर लेनर्टबाईंचं दार नेहमीप्रमाणे बोटभर उघडं होतं. त्याचे पडलेले खांदे बघून त्यांच्या पोटात तुटलं. आमच्या जिन्यात सगळ्यांच्याच तुटायचं. आठ वर्षं हा माणूस दर शुक्रवारी लाइपझिगला यायचा, हिचे गळके नळ दुरुस्त करायचा, खिडक्या पुसायचा आणि रविवारी हिने वाटेला लावलं की निमूट जायचा. आधीच्या दोघींच्या घरातही त्याचं बस्तान बसलं नव्हतं म्हणे. असा देवमाणूस, आणि नशिबी काय, तर अशा बायका.

लेनर्टबाईंनी दुसऱ्या दिवशी कारोलाला कचऱ्याच्या डब्यांपाशी गाठलंच.

"हाही जाईल हो हातचा," त्या म्हणाल्या. "आता तर पेन्शनीत निघाला. सोमवारी कामावर जायचं निमित्तही उरलं नाही. तुला हवंय तरी काय, बाई?"

कारोलाला तोच हवा होता. सगळं दुखणं तेच होतं.

देशात भिंत होती तेव्हाचा, पूर्वेकडचा तिचा जन्म. आई सूतगिरणीत, तीन पाळ्यांत. त्या काळी आठवडी पाळणाघरं असायची. सोमवारी पहाटे मूल द्यायचं, शनिवारी दुपारी घरी न्यायचं, मग ते दीड महिन्याचं का असेना. यात मुलाचं भलंच आहे असं वरून सांगितलं जायचं, आणि आया ऐकायच्या. न ऐकून करतात काय? कारोला तीन वर्षांची होईपर्यंत तिथे होती. तिला त्यातलं काही आठवत नव्हतं, पण तिच्या अंगाला आठवत होतं. शनिवार-रविवार माणूस जीव की प्राण; सोमवार उजाडला की पोटात गोळा. मग ती काहीतरी खुसपट काढून भांडायची. त्याने टाकण्याआधी आपणच टाकलेलं बरं. दोन नवरे असेच गेले.

डेटलेफला तिने हे सगळं सांगितलं होतं. तो तिचा हात धरून बसला होता.

"पहिले दोन दिवस रडतं पोर," तो म्हणाला होता. "मग गप्प होतं."

किती समजून घेतो हा, असं वाटून तिला भडभडून आलं होतं.

त्या हिवाळ्यात ती चर्चमागच्या खोलीतल्या बैठकीला जाऊ लागली. तिथे जमणारे सगळे तिच्यासारखेच, केस पिकलेली आठवडी मुलं. भीती जायची वाट बघत बसू नकोस, तिला घेऊनच बोल, असं तिला तिथे कोणीतरी सांगितलं. तिने अर्धं कपाट रिकामं केलं. न्हाणीघरातली एक फळी मोकळी केली. एक शब्द आरशापुढे म्हणून पाहिला आणि स्वतःचंच हसू आलं.

मार्चमधल्या एका रविवारी डेटलेफने कोट चढवला, पिशवी घेतली, मुठीवर हात ठेवला.

"मग, राहू का?"

"राहा," कारोला म्हणाली.

मुठीवरचा हात त्याने काढला नाही.

"उद्याही राहा. नेहमीसाठीच राहा."

त्याचा चेहरा पांढरा पडला. आठ वर्षं वाट पाहिलेल्या माणसाचं असंच होणार, तिला वाटलं. तिनेच त्याच्या खांद्यावरची पिशवी उतरवली, कोट खुंटीला लावला. त्याने तिला घट्ट मिठी मारली.

सोमवारी ती जागी झाली तेव्हा उजाडलं होतं. पोटात गोळा नव्हता. जन्मात पहिल्यांदा सोमवार आला होता आणि पोटात गोळा नव्हता. शेजारची गादी रिकामी होती. कोपऱ्यावरच्या बेकरीत गेला असणार. तिने अंडी उकडली, दोन बशा मांडल्या, लोणी काढून ठेवलं. मग खिडकीत जाऊन उभी राहिली.

अंडी गार झाली. त्याचा फोन बंद होता. बेकरीवाली म्हणाली, आलाच नाही. अपघाताच्या धास्तीने तिने गेराला त्याच्या बहिणीला, रोसविताला, फोन लावला.

"तो धड आहे," रोसविता म्हणाली. "पहाटेच्या गाडीने आलाय. माझ्या स्वयंपाकघरात बसलाय. बोलत नाहीये."

"माझं काय चुकलं?"

"तू काय म्हणालीस त्याला?"

"राहा म्हणाले. त्यानेच विचारलं होतं. दर रविवारी तोच तर विचारायचा."

पलीकडे स्वयंपाकघराचं दार ओढून घेतल्याचा आवाज आला.

"आई सोमवारी आम्हा दोघांनाही आठवडी पाळणाघरात सोडायची," रोसविता म्हणाली. "अगं, तू नाही म्हणायचीस म्हणून तर आठ वर्षं टिकला. आधीच्या दोघी पहिल्याच रविवारी हो म्हणाल्या होत्या."