बिअरच्या फोटोखाली

वंदनेला अजून वेळ होता. टाकव्याच्या विहारात सतरंज्या अंथरून झाल्या होत्या आणि येसूबाई पुढे, मूर्तीजवळच्या आपल्या जागेवर जाऊन बसली होती. दर रविवारी पंचशील तीच देई आणि बाकीचे तिच्यामागून म्हणत. विहार समितीचा सचिव प्रज्ञेश तिच्यासमोर उकिडवा बसला. त्याने आपला मोबाइल तिच्यापुढे धरला.

"आजी, हे तुम्ही लिहिलंय का?"

पडद्यावर बिअरचा उंच ग्लास होता, वर फेसाचा थर. लोणावळ्यात तुंगार्लीला नव्या निघालेल्या एका ब्रुअरीचं, म्हणजे बिअरच्या कारखान्याचं, ते इन्स्टाग्रामवरचं पान होतं. फोटोखाली लोकांनी काय काय लिहिलं होतं, त्यात एक ओळ होती : 'जय भीम बाळा. जेवलीस का.' आणि ओळीशेजारी, लिहिणाऱ्याचा फोटो म्हणून, याच विहारातली बुद्धमूर्ती.

येसूबाईने चष्मा नाकावर सारखा केला. "व्हय. मीच."

"सकाळपासून पार तळेगावपर्यंतच्या लोकांनी मला हे पाठवलंय. विहारातली मूर्ती बिअरच्या फोटोखाली."

"मूर्तीचं चुकलं माझं. ती काढते. माझाच फोटो लावते, हाय तसा."

"नुसतं फोटोचं नाही, आजी. तुम्ही नऊ ब्रुअऱ्या फॉलो करताय. आमच्या कंपनीतली पोरं पण एवढ्या करत नाहीत."

मागे कुणीतरी हसलं. नंदाबाईने पदर तोंडाला लावला. येसूबाईचा मुलगा निवृत्ती भिंतीला टेकून उभा होता, तो तेवढा हसला नाही.

"आई, तुला सांगितलं होतं. बंद कर ते."

येसूबाई त्याच्याकडे न बघता प्रज्ञेशला म्हणाली, "तेजल हाय त्यात. ह्याची पोरगी. बिअर करायच्या कामाला लागलीय तुंगार्लीला. दुसऱ्यांकडं बी जाती, कधी पुण्याला, कधी कुटं. आज कुटं हाय, ते नऊ ठिकाणी बघितल्याबिगर कसं कळायचं मला?"

"मग फोन करा की."

"ह्याच्या शिव्या खाऊन तिनं घरचा फोनच उचलायचा सोडलाय. माझा बी उचलत न्हाई. पण फोटोखाली लिवलं की बदाम देती."

"घरातली पोरगी दारू गाळती," निवृत्ती म्हणाला, "आन् तू तिला जेवलीस का म्हणून इचारती. जगासमोर."

"मग काय इचारू? चुकतीया ती. तसं मी तिला तोंडावर सांगितलंय. माझ्या आयशीनं बाचं दारूचं मडकं उकिरड्यावर नेऊन फोडलं, तवा तिचा पदर धरून मी हुबी होते. दारूचं मला कुणी शिकवू नगा. पण नातीकडं बघायचं न्हाई, हे कुठल्या शीलात हाय ते दाव मला."



माणसं येऊ लागली होती. चपला काढून एकेक जण आत येत होता आणि पुढे काय चाललंय ते बघून दारातच रेंगाळत होता. प्रज्ञेशने आवाज खाली आणला.

"आजी, तुमच्यावर राग नाही कुणाचा. सगळ्यांसमोर एवढंच म्हणा, की मोबाइल हॅक झाला होता. त्या नऊ मी आत्ता काढून देतो. विषय संपला. तुमची जागा तुमचीच."

"हॅक म्हंजे?"

"म्हणजे दुसऱ्याच कुणीतरी तुमच्या नावानं लिहिलं."

"म्हंजे खोटं बोलू."

"खोटं कसलं, आजी. मार्ग आहे एक."

"आन् त्याच तोंडानं हितं बसून चौथं शील देऊ? खोटं बोलनार न्हाई म्हणून? तू म्हनशील माझ्यामागनं?"

प्रज्ञेश उठून उभा राहिला. मग त्याने मोबाइल खिशात टाकला. "आज शील मी देतो. तुम्ही त्या नऊ काढल्यात की परत तुम्ही द्या."

"मी काढायची न्हाई."

ती गुडघ्यावर हात ठेवून उठली. माणसांनी वाट दिली. सतरंज्यांच्या कडेने चालत ती शेवटच्या ओळीत, दाराजवळ, उशिरा येणारे जिथे बसतात तिथे जाऊन बसली. थोड्या वेळाने नंदाबाईही पुढची जागा सोडून तिच्याशेजारी आली.

"मला दाव की पोरगी. कशी दिसती आता?"

येसूबाईने मोबाइल काढला, बोटाने बराच वेळ खालीवर केलं आणि तिच्यापुढे धरला. तेजल रबरी बूट घालून एक मोठी चकचकीत टाकी धूत होती.

"बारीक झाली गं."

"म्हणून तर इचारते."

पुढे प्रज्ञेशने हात जोडले. सगळे शांत झाले. तो एक शील म्हणे, की मागून सगळे म्हणत. त्याला सवय नव्हती, तो भरभर जात होता. चौथं झालं. पाचवं आलं, नशेपासून दूर राहण्याचं, आणि पुढच्या काही माना मागे वळल्या.

येसूबाईचा आवाज सगळ्यांत मोठा होता. तिने एकही शब्द घाईने म्हटला नाही. बायका तिच्या चालीवर आल्या, मग पुरुषही, आणि प्रज्ञेशला त्यांचं होईपर्यंत थांबावं लागलं. म्हणताना ती समोर मूर्तीकडे बघत होती. जोडलेल्या तळव्यांच्या मध्ये मोबाइल होता. तो तिने बंद केलेला नव्हता.