वाडीतलं एकुलतं एक वाचन

“माझं वाचन कुणाकडं आहे गं?” औषधाच्या दोन बाटल्या पोटाशी धरून फुलवंता दारोदार विचारत सुटली होती. घरात लेक तापानं फणफणला होता. एका बाटलीत त्याचं औषध होतं, दुसरीत शेळ्यांच्या गोचिडांवरचं विष. दोन्ही बाटल्या सारख्याच तपकिरी.

कायदाच तसा झाला होता. इयत्ता दुसरीत ज्याला वाचता येणार नाही, त्या पोराला सरकार उचलून लांबच्या वसतिगृहात टाकणार. एका डोक्यातलं वाचन काढून दुसऱ्या डोक्यात भरणारं यंत्र शाळेत आलेलंच होतं. अख्ख्या वाडीत वाचता येत होतं ते एकट्या फुलवंताला. तिनं ते लेकाला दिलं, तो पास झाला, मग शेजारणी रडत आल्या. तेच वाचन या पोरातून त्या पोरात फिरलं आणि झाडून सगळी पोरं पास झाली.

“आमच्या बनीनं मागच्याच आठवड्यात रखमाक्काच्या नातीला दिलं, वहिनी,” एक शेजारीण म्हणाली.

रखमाक्कानं पदरात तोंड लपवलं. “नात इतकं झकास वाचायला लागली, की मंत्र्यांना दाखवायला तिला राजधानीला नेली गं!”

तेवढ्यात जीप आली. वाडी शंभर टक्के साक्षर झाल्याची पाटी घेऊन शिक्षणाधिकारी उतरले. फुलवंतानं बाटल्या त्यांच्यापुढं धरल्या. “साहेब, तापाची कुठली, तेवढं वाचा. पाया पडते!”

साहेबांनी बाटल्या उलट्यासुलट्या करून पाहिल्या. मग तशाच तिच्या हातात परत ठेवल्या.

“बाई,” ते हळूच म्हणाले, “माझी धाकटीही यंदा दुसरीतच होती.”