तुलनेसाठी आजोबांचं रक्त

बाटली रिकामी होती. सकाळी तिच्यात आजोबांच्या रक्तदाबाच्या आठ गोळ्या होत्या, आणि आता चार वर्षांची भिंगरी तिचं झाकण जमिनीवर फिरवत बसली होती.

"किती खाल्ल्यास?" आईने विचारलं. भिंगरीने ओठ गच्च मिटून घेतले. रुग्णालयात पोहोचेपर्यंत ते उघडलेच नाहीत.

डॉक्टरांनी पोटात नळी घालायची तयारी केली. नळी पाहून भिंगरीने भोकाड पसरलं, पण शब्द काही फुटला नाही. तेवढ्यात वरच्या मजल्यावरच्या प्रयोगशाळेतल्या तंत्रज्ञ बाई आल्या. त्यांच्याकडे नवं यंत्र होतं. रेणूंच्या वजनावरून रक्तातलं औषध ओळखायचं. एका नमुन्याला दहा सेकंद.

"पाच मिनिटं द्या मला," त्या डॉक्टरांना म्हणाल्या. "मुलीचं रक्त, ती बाटली, आणि ही गोळी रोज घेणाऱ्याचं रक्त. तुलनेला लागेल."

सोबत आलेले आजोबा जरा घुटमळले. मग त्यांनी बाही वर सारली.

बाईंनी आधी बाटलीच्या तळाची भुकटी लावली. पडद्यावर त्या औषधाचा उंच सुळका उठला. भिंगरीचं रक्त लावलं. सपाट रेघ. बाईंचा जीव भांड्यात पडला. मग आजोबांचं लावलं. तीही सपाट.

त्या चपापल्या. रोज गोळी घेणाऱ्याच्या रक्तात यंत्राला काहीच दिसत नसेल, तर मुलीच्या बाबतीत त्याच्यावर भरवसा कसा ठेवायचा? त्यांनी तिन्ही नमुने पुन्हा लावले. मग तिसऱ्यांदा. सुळका, रेघ, रेघ. शेवटी आजोबांच्याच रक्तात बाटलीतली भुकटी मिसळून लावली, आणि सुळका उठला. त्या जिना उतरून खाली आल्या.

"यंत्र ठणठणीत आहे. मुलीनं एकही गोळी खाल्लेली नाही."

आई मटकन खुर्चीत बसली आणि रडता रडता हसू लागली.

"आजोबांनीही नाही," बाई म्हणाल्या. "बऱ्याच दिवसांत."

सगळ्यांच्या माना वळल्या. आजोबांनी चष्मा काढून पुसायला घेतला.

"चक्कर येते हो त्या गोळीनं," ते पुटपुटले.

"मग मला सांगायचं ना," डॉक्टर म्हणाले. "दुसरी देतो. पण त्या आठ गेल्या कुठे?"

भिंगरीने आजोबांकडे पाहिलं. त्यांनी हळूच मान डोलावली, तशी ती घडाघडा बोलू लागली.

"आजोबा रोज एक गोळी गुलाबाच्या कुंडीत पुरतात. कुणाला सांगायचं नाही म्हणाले. आज मी सगळ्या पुरून टाकल्या. आता त्यांना सुट्टी."