धाकट्या जावेचे पाय

एस्तेरबाई घंगाळ घेऊन धाकट्या जावेसमोर गुडघ्यांवर बसल्या, तेव्हा चर्चमधली कुजबुज थांबली. गुड फ्रायडेच्या आदल्या संध्याकाळी इथं सगळे एकमेकांचे पाय धुतात. एस्तेरबाई मात्र दरवर्षी मागच्या बाकावरून हलायच्या नाहीत.

दीर वारला त्या दिवशी चारचौघांत त्या त्याच्या बायकोला, या सुवार्ताला, म्हणाल्या होत्या, "पांढऱ्या पायाची! माझ्या उंबऱ्यात पुन्हा पाऊल टाकू नकोस." तेव्हापासून प्रार्थनेला डोळे मिटले की तेच पाय समोर यायचे आणि प्रार्थना तिथंच तुटायची.

सुवार्ताने पाय आखडून घेतले. "बाई, तुम्ही थोरल्या. नको."

"धुऊ दे गं. देवाजवळ पुष्कळ रडले, पण तुझ्याजवळ यायची छाती झाली नाही. चुकले मी. माफ कर."

सुवार्ताने पाय पुढे केले. एस्तेरबाईंनी ते धुतले, पदरानं टिपले. मग सुवार्तानेच त्यांना बाकावर बसवलं आणि घंगाळ आपल्याकडे ओढलं. "आता तुमचे द्या."

पायांवर पाणी पडलं आणि एस्तेरबाईंच्या तोंडून आपसूक निघालं, "प्रभू, तुझे उपकार."

उपासना सुटल्यावर दोघी बरोबरच निघाल्या. एस्तेरबाईंनी घराचं कुलूप काढलं आणि उंबऱ्यापाशी बाजूला सरल्या.

"आधी तू."