सलूनवाल्याचं प्रेत

टीव्हीवरच्या गुन्हेगारी मालिकेत आमचं गाव दिसलं, तेव्हा प्रत्येकाने अभिमानाचा आपापला वाटा उचलला. औषधवाल्याच्या वाट्याला दुकानाची पाटी आली, शिंपीणबाईंच्या वाट्याला त्यांची वाळत घातलेली चादर. सगळ्यात मोठा वाटा सलूनवाल्याचा, कारण पहिल्या भागातलं प्रेत तोच होता.

दुसऱ्या दिवशी तोच भाग पुन्हा लागला, तेव्हा आम्ही त्याच्या सलूनमध्येच जमलो. तो गिऱ्हाइकाच्या खुर्चीत ऐटीत बसला होता.

"दिग्दर्शक म्हणाले, असं प्रेत आजवर मिळालं नव्हतं," त्याने पुन्हा ऐकवलं. "श्वास म्हणून घेतला नाही मी!"

पडद्यावर तो आडवा पडलेला दिसला. त्याची छाती सावकाश वर झाली, खाली गेली, पुन्हा वर झाली.

"अहो भावजी, तुमचं प्रेत तर झोपलंय!" शिंपीणबाई म्हणाल्या आणि सलूनभर हशा पिकला.

"काल छाती हलली नव्हती," त्याची बायको पुटपुटली. ते खरं होतं. काल आम्ही सगळ्यांनीच पाहिलं होतं.

सलूनवाला मात्र इरेला पेटला. "मी श्वास घेत नाही म्हणजे नाही. हवं तर तपासा!"

मानेची मागची बाजू दाखवायचा आरसा बायकोने उचलला आणि थट्टेने त्याच्या नाकाखाली धरला. बराच वेळ धरून ठेवला. मग तिने तो पदराने पुसून पुन्हा धरला, तसं आमचं हसू थांबलं.

आरशावर वाफ धरत नव्हती.

"बघा," तो मान ताठ करून म्हणाला, "आता तरी पटलं?"

तो बोलला, तरी आरसा लख्खच होता.